बेताच्या खर्चात लांब पल्ल्याची नेमबाजी : .२२३ रेमिंग्टन आणि टिका टी३एक्स व्हार्मिंट

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत नव्याने उतरणारा माणूस दुकानात शिरला की प्रथम रायफलची किंमत विचारतो आणि खर्चाचा सगळा हिशेब तिथेच चुकतो. रायफल एकदाच घ्यायची असते. काडतुसे मात्र खेळ चालू आहे तोवर लागत राहतात आणि ठरावीक संख्येच्या गोळ्या झाडून झाल्या की नळीही बदलावी लागते. हे दोन्ही खर्च किती होणार हे कॅलिबरवरून, म्हणजे नळीच्या भोकाच्या आणि काडतुसाच्या मापावरून ठरते. म्हणून अमेरिकेत राहून, घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण आणि भारतवारीची तिकिटे भागवून उरलेल्या पैशांत हा खेळ खेळू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी परीक्षण लिहिताना मी रायफलपेक्षा काडतुसाला अधिक जागा दिली आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. सहाशे यार्डांपर्यंतच्या नेमबाजीसाठी पहिली सेंटरफायर रायफल (जिचे काडतूस बुडाच्या मध्याशी पेटते ती) घ्यायची असेल तर ती .२२३ रेमिंग्टनची घ्यावी, तिच्या नळीचा पीळ १:८ (आठ इंचांत एक वेढा) असावा आणि तिच्यातून ६९ ते ७७ ग्रेन (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) वजनाची मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, गोळी झाडावी. या कामाला फिनलंडची टिका टी३एक्स व्हार्मिंट पुरेशी पडते.

हा सल्ला कोणत्या खेळासाठी आहे, हे स्पष्ट केलेले बरे. फिनिक्स शहराच्या उत्तरेला अ‍ॅरिझोनाच्या गेम अँड फिश खात्याचे बेन एव्हरी नावाचे विस्तीर्ण नेमबाजी मैदान आहे आणि तिथे हजार यार्डांपर्यंतची रेंज आहे. तिथे आणि देशभरच्या अशा मैदानांवर एफ-क्लास नावाचा प्रकार खेळला जातो. नेमबाज पालथा झोपतो, रायफलचा पुढचा भाग बायपॉडवर किंवा टेकूवर असतो, मागे वाळूची लहान पिशवी असते आणि डोळ्याला दुर्बीण. सहाशे यार्डांच्या स्पर्धेत सहसा वीस-वीस गोळ्यांच्या तीन फेऱ्या होतात, म्हणजे गुणांच्या ६० गोळ्या आणि शिवाय अंदाजाच्या काही. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास तिथे ६ इंच असतो, त्याच्या आतल्या एक्स वर्तुळाचा ३ इंच, आणि नऊ गुणांच्या वर्तुळाचा १२ इंच. हजार यार्डांवर दहाचे वर्तुळ १० इंचांचे होते.

मराठी वाचकाला नेमबाजी म्हटले की बालेवाडीचे संकुल आणि कोल्हापूरचे नेमबाज आठवतात, आणि ते योग्यच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटरच्या रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. कोनाच्या मापात ते एफ-क्लासच्या दहापेक्षा लहान भरते. तेव्हा लांब पल्ल्याची नेमबाजी केवळ लक्ष्य दूर असल्यामुळे अधिक अवघड असते असे नाही. अडचण आहे ती वाऱ्याची. पन्नास मीटरवरही वारा गोळीला ढकलतोच. पण सहाशे यार्डांवर गोळी जवळजवळ पूर्ण सेकंद हवेत असते, आणि तेवढ्या वेळात वारा तिला हातभर बाजूला नेऊ शकतो. कॅलिबरची निवड करताना पहिला प्रश्न वाऱ्याचा आणि दुसरा पैशाचा आहे, आणि या दोघांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

दुकानात विक्रेता तीन काडतुसे पुढे ठेवतो. पहिले .३०८ विंचेस्टर. हे १९५२ साली बाजारात आले आणि त्याचेच लष्करी भावंड ७.६२ × ५१ नाटो म्हणून पुढे जगभर गेले. काडतूस कुठेही मिळते, नळी पाच हजारांच्या आसपास गोळ्या सहज टिकते आणि लांब पल्ल्याच्या पाल्मा स्पर्धेपासून एफ-क्लासच्या टीआर (टार्गेट रायफल) विभागापर्यंत त्याला मान आहे. त्यातली १६८ ग्रेनची प्रसिद्ध सिएरा मॅचकिंग गोळी मात्र हजार यार्डांसाठी घेऊ नये. ती ३०० मीटरच्या नेमबाजीसाठी घडवली गेली होती आणि ध्वनीच्या वेगाच्या जवळ आली की तिच्या शेपटीच्या उतारामुळे डळमळू लागते. त्या अंतरासाठी १७५ ग्रेनची गोळी घ्यावी. मध्यम वजनाच्या रायफलमधून दिवसभर .३०८ झाडली की खांदा बोलू लागतो.

दुसरे ६.५ क्रीडमूर. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये ते जाहीर केले आणि गेल्या काही वर्षांत त्याने बाजार व्यापून टाकला. न्यूयॉर्कजवळच्या ज्या क्रीडमूर मैदानाचे नाव त्याला दिले आहे, तिथे १८७४ साली आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत झालेला सामना अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ अशा तीन गुणांनी जिंकला होता. ज्यांना या खेळाच्या इतिहासात रस आहे त्यांनी तो प्रसंग जरूर वाचावा. काडतूस म्हणून ६.५ क्रीडमूरचे गुण निर्विवाद आहेत. त्याची गोळी लांब, सडपातळ आणि वाऱ्याला कमी दाद देणारी असते. १४० ग्रेनची ईएलडी मॅच गोळी कारखान्याच्या आकड्याप्रमाणे सेकंदाला २,७१० फुटांच्या वेगाने निघते आणि हजार यार्डांवरही ध्वनीपेक्षा बरीच पुढे असते. .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी त्याच अंतरावर समुद्रसपाटीच्या हवेत ध्वनीच्या वेगाशी झगडत असते. केवळ उड्डाणाचे गुण पाहायचे असतील तर इथे चर्चा संपते.

तिसरे .२२३ रेमिंग्टन. विक्रेता ते शेवटी दाखवतो, आणि लांब पल्ल्यासाठी हे नव्हे, असेही बहुधा सांगतो. त्याच्या मनात ५५ ग्रेनची स्वस्त गोळी असते, आणि तिच्यापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. ७७ ग्रेनच्या मॅच गोळीची गोष्ट वेगळी. फेडरलची गोल्ड मेडल ७७ ग्रेन साधारण २,७२० फूट वेगाने निघते, सहाशे यार्डांवर अजून ध्वनीच्या पुढे आरामात असते आणि समुद्रसपाटीला सुमारे आठशे यार्डांपर्यंत तशी राहते. फिनिक्सच्या उन्हाळी, विरळ हवेत तिला आणखी थोडे अंतर मिळते.

आता वाऱ्याचे आकडे पाहू. सहाशे यार्डांवर, ताशी १० मैलांचा पूर्ण आडवा वारा असताना, ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी सुमारे २४ इंच सरकते, .३०८ ची १७५ ग्रेनची ३५ इंच आणि .२२३ ची ७७ ग्रेनची ४५ इंच. फरक मोठा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण नेमबाज दहा मैलांच्या वाऱ्याने चुकत नाही, कारण तेवढी दुरुस्ती त्याने आधीच दुर्बिणीत घातलेली असते. चूक होते ती अंदाजात राहिलेल्या एखाद्या मैलाने. ताशी एक मैल वारा कमी धरला तर क्रीडमूरची गोळी मध्यापासून अडीच इंचांच्या आत राहते आणि दहा गुण हातचे जात नाहीत. .३०८ ची साडेतीन इंच सरकते आणि रेषेबाहेर पडून नऊ मिळवते. .२२३ ची साडेचार इंच सरकते आणि तीही नऊच मिळवते. या मोजमापात .३०८ आणि .२२३ यांच्यात विक्रेता सांगतो तेवढी दरी सहाशे यार्डांवर नाही. एफ-क्लासच्या टीआर विभागात हीच दोन काडतुसे चालतात, इतर कोणतेही नाही. म्हणजे .२२३ घेऊन त्या विभागात उतरणारा नवखा नेमबाज क्रीडमूरवाल्यांशी स्पर्धा करतच नसतो. ते ओपन विभागात, जड रायफली आणि महागड्या टेकूंसह, आपापसांत लढत असतात. नियमातली ही एक ओळ बेताच्या खिशाच्या माणसाला फार उपकारक आहे आणि रायफल घेण्यापूर्वी ती ठाऊक असायला हवी.

आता पैसे. हे लिहिताना कारखान्याच्या चांगल्या मॅच काडतुसांचे भाव ढोबळमानाने असे आहेत: .२२३ चे एक काडतूस दीड डॉलरच्या आसपास, ६.५ क्रीडमूरचे आणि .३०८ चे दोन डॉलर किंवा थोडे अधिक. एका स्पर्धेला अंदाजाच्या धरून सुमारे ७० काडतुसे लागतात. वर्षात दहा स्पर्धा आणि तितकाच सराव धरला तर १,४०० ते १,५०० काडतुसे झाली, आणि दोन वर्षांत ३,०००. .२२३ मध्ये त्याचे ४,५०० डॉलर होतात, क्रीडमूरमध्ये ६,०००. शिवाय क्रीडमूरची नळी स्पर्धेच्या दर्जाची अचूकता साधारण २,००० ते २,५०० गोळ्यांपर्यंत देते, म्हणजे त्याच दोन वर्षांत नवी नळी आणि ती बसवणाऱ्या गनस्मिथची मजुरी मिळून आणखी सातशे-आठशे डॉलर जातात. एकूण फरक दोन हजार डॉलरच्या पलीकडे जातो. तेवढ्यात .२२३ ची आख्खी रायफल येऊन दुर्बिणीलाही चांगला हातभार लागतो.

नळी का झिजते, हे समजून घेतले की हा हिशेब निव्वळ बाजारभावाचा नाही, हे ध्यानात येते. गोळी आट्यांत, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचांत, शिरते त्या जागेला, म्हणजे चेंबरच्या पुढच्या गळ्याला, जळत्या बारुदाच्या वायूचा सर्वांत जास्त मार बसतो. जितक्या अरुंद भोकातून जितके जास्त बारूद जाळावे, तितका तो गळा लवकर खरवडला जातो. .३०८ मध्ये सुमारे ४४ ग्रेन बारूद रुंद नळीतून जाते; क्रीडमूरमध्ये जवळजवळ तितकेच बारूद अधिक अरुंद नळीतून जाते; .२२३ ची नळी सर्वांत अरुंद असली तरी तिच्यात बारूदच जेमतेम २४ ग्रेन असते. त्यामुळे तिची नळी, एकामागून एक झाडून लाल केली नाही तर, चार हजार गोळ्यांच्या पुढे चालते. घरी काडतुसे भरणाऱ्यांना याचा दुहेरी लाभ मिळतो. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, त्यात.२२३ ची पावणेतीनशेच्या वर काडतुसे होतात, तर क्रीडमूरची एकशे साठ-सत्तर. गोळीही स्वस्त असते. पितळी कवच पुन्हा वापरले तर .२२३ चे काडतूस साठ-पासष्ट सेंटमध्ये घरी तयार होते, आणि क्रीडमूरचे नव्वदच्या घरात जाते. यंत्रसामग्रीचा सुरुवातीचा खर्च वेगळा. आणि हे काम ज्याला करायचे आहे त्याने बारूद व गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तिकेतले माप सोडून एक कणही पुढे जाऊ नये.

१:८ हा आकडा वर आला, तो रायफल घेण्यापूर्वी नळीवर किंवा कंपनीच्या पत्रकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. नळीतल्या आट्यांना आठ इंचांत एक पूर्ण वेढा असेल तर ती १:८. वजनदार गोळी लांब असते, आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते. .२२३ च्या अनेक जुन्या आणि स्वस्त बोल्ट रायफली १:१२ पिळाच्या असतात. त्या ५५ ग्रेनसाठी उत्तम. पण त्यांतून ७७ ग्रेनची गोळी झाडली तर ती हवेत आडवी-तिडवी होते आणि कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या खाचेसारखी लांबट फट पाडते. १:९ मध्ये ६९ ग्रेनपर्यंत निर्धास्त राहावे. जुनी रायफल स्वस्तात मिळते आहे म्हणून पीळ न पाहता घेतली, तर वाचलेले पैसे नव्या नळीत जातात.

आणखी एक लाभ आकड्यांत पुरता दिसत नाही. तो झाडताना जाणवतो. साडेचार किलोंच्या रायफलमध्ये .२२३ चा धक्का .३०८ च्या चौथ्या हिश्शाएवढा आणि क्रीडमूरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. त्यामुळे चाप दाबल्यावर दुर्बिणीतले चित्र हरवत नाही. सहाशे यार्डांवर तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लाटा वाहताना दिसतात. त्या उजवीकडे धावत असताना गोळी सोडावी, डोळा तसाच ठेवावा, आणि लाटा अजून त्याच वेगाने वाहत आहेत की मध्येच उभ्या उकळू लागल्या आहेत, हे गोळी पोचेपर्यंत पाहता येते. मग लक्ष्य नोंदीसाठी खाली ओढले जाते, वर येते, आणि भोकावर लावलेली चकती नऊच्या वर्तुळात उजवीकडे दिसते. आत्ताच पाहिलेली लाट आणि आत्ताच दिसलेली चकती यांची सांगड घालणे म्हणजेच वारा वाचणे. मोठ्या धक्क्याच्या रायफलमध्ये चित्र उडून जाते आणि लाटांऐवजी केवळ निकाल हाती लागतो. त्यातून ज्याच्याकडे वर्षाला पंधराशे गोळ्या आहेत तो, ज्याच्याकडे सहाशेच आहेत त्याच्यापेक्षा, अशा सांगडी अधिक घालतो. नवख्याला .२२३ देण्यामागचे माझे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

आता .२२३ ची उणी बाजू, तीही सविस्तर. खंदकात बसून लक्ष्ये खाली-वर ओढणाऱ्या माणसाला .२२३ चे भोक काळ्या वर्तुळात सहज सापडत नाही. .३०८ ची गोळी डोक्यावरून जाताना जो चाबकासारखा कडाड आवाज होतो, तो इथे बारीक असतो, आणि शेजारच्या लक्ष्यांवर मोठी काडतुसे पडत असतील तर त्यात बुडून जातो. मग नेमबाज वाट पाहत पडून राहतो, वारा बदलतो, आणि रेंजवरच्या अधिकाऱ्याला लक्ष्य खाली ओढायला सांगावे लागते. हजार यार्डांवर तर ७७ ग्रेनची गोळी ध्वनीच्या वेगाखाली जाते. तिथे तिची अचूकता बेभरवशाची होतेच, शिवाय गोळीच्या ध्वनिलहरीवरून भोकाची जागा शोधणारी इलेक्ट्रॉनिक लक्ष्येही सहसा तिची नोंद घेत नाहीत. ८० ते ९० ग्रेनच्या लांब गोळ्या घरी भरून, १:७ किंवा त्याच्या जवळपासच्या पिळाच्या खास नळीतून .२२३ हजार यार्डांवर नेणारे निष्णात लोक आहेत. तो मार्ग बेताच्या खर्चाचा राहत नाही आणि नवख्याचाही नव्हे.

टिका टी३एक्स व्हार्मिंट या रायफलकडे वळतो. टिका रायफली फिनलंडमध्ये रिहिमाकी येथे साको कंपनीच्या कारखान्यात तयार होतात आणि टी३एक्स ही मालिका २०१६ पासून बाजारात आहे. व्हार्मिंट प्रकाराची नळी जाड, थंड स्थितीत हातोड्यांनी ठोकून घडवलेली आणि साधारण ६० सेंटिमीटर लांब असते; .२२३ मध्ये तिचा पीळ १:८ असतो. जाड नळीमुळे वीस गोळ्यांची फेरी होईपर्यंत तापून गोळीबाराचा समूह सरकण्याची प्रवृत्ती कमी राहते. बोल्ट हा या रायफलचा सर्वांत सुखद भाग आहे. हँडल केवळ ७० अंश उचलावे लागते, आणि मागे-पुढे करताना तो इतका सहज सरकतो की पालथे पडल्या पडल्या गालाची जागा न सोडता पुढचे काडतूस भरता येते. ट्रिगर साधारण एक ते दोन किलोंच्या दरम्यान हवा तसा हलका-जड करता येतो आणि कोणताही ओढा न देता स्वच्छ सुटतो. कंपनी शंभर यार्डांवर कोनाच्या एका मिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या), म्हणजे ढोबळमानाने एका इंचाच्या समूहाची हमी देते. दहाचे वर्तुळही सहाशे यार्डांवर जवळजवळ एका मिनिटाचेच असल्यामुळे ही हमी आपल्या कामाची आहे.

हजार डॉलरच्या आसपासच्या किमतीत सगळेच मिळत नाही. दस्ता प्लास्टिकचा आणि पोकळ आहे. गालाखाली त्याची उंची मोठ्या दुर्बिणीला अपुरी पडते, तेव्हा फोमचा पट्टा किंवा गालपट्टी बांधावी लागते. मॅगझिनही प्लास्टिकचे, कमी काडतुसांचे आणि वेगळे घ्यायला गेले तर महाग आहे. त्याची आतली लांबी आखूड असल्याने कारखान्याची ७७ ग्रेनची काडतुसे त्यात व्यवस्थित बसतात, पण घरी भरलेली ८० ग्रेनची लांब काडतुसे एकेक करून हाताने चेंबरमध्ये घालावी लागतात. एफ-क्लासमध्ये एकेकच काडतूस घालायचे असते, म्हणून ही अडचण तिथे भासत नाही. ज्यांना अडथळ्यांवरून, वेळ लावून, दहा-दहा गोळ्या झाडण्याचे प्रकार खेळायचे आहेत त्यांनी मात्र दस्ता आणि मॅगझिन बदलण्याचा खर्च आधीच धरावा. याहून कमी पैशांत रुगर अमेरिकन प्रेडेटर मिळते; .२२३ मध्ये तिलाही १:८ पीळ आहे. तिचा बोल्ट खरखरीत आणि नळी बारीक असली तरी पहिल्या वर्षासाठी ती पुरेशी आहे.

चेंबरबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसे दिसायला सारखी असतात, पण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चे काडतूस झाडणे असुरक्षित मानले जाते, कारण तिथे दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. पेटीवर आणि काडतुसाच्या बुडावर काय लिहिले आहे ते वाचूनच भरावे. तसेच अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात काडतुसे गाडीच्या काचेमागे ठेवू नयेत. बारूद तापले की दाब आणि वेग दोन्ही वाढतात आणि गोळ्या उंच जाऊ लागतात.

दुर्बिणीवर रायफलइतके किंवा त्याहून थोडे अधिक पैसे घालावेत. शंभर यार्डांवर नेम जुळवलेल्या ७७ ग्रेनच्या गोळीला सहाशे यार्डांसाठी सुमारे पंधरा-सोळा मिनिटे वर जावे लागते. बहुतेक दुर्बिणींना तेवढे जमते. तेव्हा दुर्बीण किती पट मोठे दाखवते हा आकडा पाहण्यापेक्षा, नेम जुळवण्याची तिची चकती जितकी फिरवावी तितकाच नेम सरकतो का आणि परत शून्यावर येतो का, हे पाहावे.

मराठी वाचकांपैकी अनेकांना लागू होणारी कायद्याची बाब इथेच नमूद करतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीस अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे हा त्याला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्यापूर्वीही आपली स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी, कारण इथली चूक इमिग्रेशनच्या कागदांपर्यंत जाते. भारतात परतण्याचा विचार असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिथे नागरी नेमबाजीचा मुख्य मार्ग .२२ रिमफायर आणि एअर रायफल हाच आहे; .३०३ आणि ७.६२ ही मापे तिथे प्रतिबंधित गणली जातात.

.२२ चा उल्लेख आलाच आहे तर, ज्यांना वर्षाला हजार डॉलरही काढणे कठीण आहे त्यांनी सेंटरफायरच्या वाटेला जाण्याआधी चांगली .२२ बोल्ट रायफल घेऊन दोनशे यार्डांवर सराव करावा; काडतूस दहा ते वीस सेंटमध्ये मिळते आणि वारा त्या मंद गोळीला भरपूर हलवतो.

६.५ क्रीडमूर कोणी घ्यावे, याचेही उत्तर माझ्याकडे आहे. ज्याच्या घराजवळ सहाशेची रेंज नाही पण हजार यार्डांची आहे, जो वर्षाला चार-पाचशेच गोळ्या झाडणार आहे आणि ज्याला टीआर विभागात स्वारस्य नाही, त्याने क्रीडमूर घ्यावे. इतक्या कमी गोळ्यांत नळीही चार-पाच वर्षे टिकेल आणि काडतुसांतला फरक वर्षाला अडीचशे डॉलरपर्यंतच राहील. .३०८ चा सल्ला मी आता फक्त त्यांनाच देतो ज्यांना टीआरमध्ये हजार यार्डांवर खेळायचे आहे.

रायफल हाती आली की काडतुसांची घाऊक खरेदी लगेच करू नये. फेडरल ६९ आणि ७७ ग्रेन, हॉर्नडी मॅच ७५ ग्रेन आणि ब्लॅक हिल्स ७७ ग्रेन यांची प्रत्येकी एक-दोन खोकी घ्यावीत आणि प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांचे काही समूह शंभर यार्डांवर झाडावेत. सर्वांत लहान एक समूह पाहून भुलू नये, सर्व समूहांची सरासरी धरावी. मग त्यांतल्या सरस दोन जातींना तीनशे यार्डांवर न्यावे, कारण वेगातला गोळीगणिक फरक शंभरावर लपतो आणि तिथे उभ्या फाकीच्या रूपाने दिसू लागतो. जी जात आडव्यापेक्षा उभ्यात कमी फाकते ती निवडावी, खोक्यावरचा लॉट क्रमांक टिपून घ्यावा आणि हंगामभर पुरतील इतकी काडतुसे त्याच क्रमांकाची मागवावीत. लॉट बदलला की पहिल्या दहा गोळ्या पुन्हा शंभर यार्डांवर, नेम तपासण्यासाठी, राखून ठेवाव्यात.